डीएनएची घडी आणि पेशीतले विद्युतभार

माणसाच्या एका पेशीतला सगळा डीएनए सरळ करून टोकाला टोक जोडला, तर त्याची लांबी सुमारे २ मीटर भरते. हा डीएनए ज्या केंद्रकात राहतो त्याचा व्यास मात्र साधारण मिलिमीटरचा शंभरावा भाग एवढाच असतो. लांब दोरा लहान डबीत बसवण्याचे हे कोडे अनेकांनी वाचलेले असते. पण त्यातली खरी अडचण लांबीची नाही. डीएनएचा धागा इतका बारीक आहे की जागेच्या हिशोबाने तो केंद्रकात सहज मावतो. अडचण अशी, की या धाग्यावर सर्वत्र ऋण विद्युतभार आहे आणि सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात. म्हणजे हा दोरा स्वतःहून गुंडाळला जाणारा नाही, तर फिसकारून पसरू पाहणारा आहे.

त्याला आवरण्याचे काम पेशीतले धनभारित रेणू आणि आयन करतात. त्यात सोडियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचे आयन आहेत, पॉलिअमाइन नावाचे छोटे रेणू आहेत आणि हिस्टोन, प्रोटामाइन यांसारखी प्रथिने आहेत. ते डीएनएची घडी घालतात, पीळ घट्ट-सैल करतात आणि काही ठिकाणी त्याच्या वळणाची दिशासुद्धा बदलतात. जनुके डीएनएच्या अक्षरांत लिहिलेली असतात, पण कोणते जनुक कधी वाचले जाईल हे ठरण्यात या भारांच्या देवाणघेवाणीचा मोठा वाटा असतो.

डीएनएवर ऋणभार का असतो?

डीएनए म्हणजे पिळाची शिडी. शिडीच्या पायऱ्या म्हणजे ए-टी आणि जी-सी या बेसच्या जोड्या. दोन्ही बाजूंचे खांब शर्करा आणि फॉस्फेट यांचे बनलेले असतात. प्रत्येक फॉस्फेट गटावर पेशीच्या नेहमीच्या परिस्थितीत एक ऋणभार असतो. प्रत्येक जोडीमागे दोन फॉस्फेट, म्हणून दोन ऋणभार. माणसाच्या पेशीत सुमारे ६४० कोटी बेस-जोड्या असतात, म्हणजे ऋणभारांची संख्या १,२०० कोटींच्या वर जाते.

हे भार फार दाटीने बसलेले आहेत. एका बेस-जोडीपासून पुढच्या जोडीचे अंतर फक्त ०.३४ नॅनोमीटर असते (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). तेवढ्या अंतरात दोन ऋणभार येतात. याचा एक परिणाम म्हणजे डीएनए बऱ्यापैकी ताठ असतो. साधारण ५० नॅनोमीटर, म्हणजे सुमारे १५० बेस-जोड्यांच्या लांबीपर्यंत तो सहजासहजी वाकत नाही. हा ताठपणा काही अंशी एकावर एक रचलेल्या बेसमुळे येतो आणि काही अंशी फॉस्फेटच्या परस्पर प्रतिकर्षणामुळे.

साध्या मिठाची कामगिरी

पेशीत डीएनए कधीच उघडा नसतो. त्याच्याभोवती धन आयनांचा एक ढग असतो. हे आयन डीएनएला कायमचे चिकटत नाहीत. ते त्याच्या अंगाशी घोटाळत राहतात, जागा बदलतात, पण पांगत नाहीत. १९६९ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जेराल्ड मॅनिंग यांनी या घटनेचा सिद्धांत मांडला. एखाद्या साखळीवर भारांची दाटी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की विरुद्ध भाराचे आयन तिच्याभोवती गोळा होणारच, मग भोवतालचे द्रावण कितीही पातळ असो. त्यांच्या हिशोबानुसार सोडियमसारखे एकच धनभार असलेले आयन डीएनएचा सुमारे ७६ टक्के भार झाकतात, मॅग्नेशियमसारखे दोन भारांचे आयन सुमारे ८८ टक्के, तीन भारांचे सुमारे ९२ टक्के आणि चार भारांचे सुमारे ९४ टक्के.

हे आयन काढून घेतले तर काय होते? डीएनएचे दोन पेड एकमेकांना ढकलू लागतात आणि शिडी सुटी होणे सोपे जाते. म्हणूनच क्षार कमी असलेल्या द्रावणात डीएनएचे पेड कमी तापमानाला विलग होतात, तर क्षार वाढवले की त्यासाठी जास्त उष्णता लागते. पीसीआर चाचणी करताना नळीत मॅग्नेशियम क्लोराइडचे प्रमाण जपून ठरवावे लागते, त्याचे हे एक कारण आहे. दुसरे कारण असे, की डीएनएची प्रत काढणाऱ्या एन्झाइमलाही मॅग्नेशियम लागतेच.

मिठाचा हा गुण शाळेतल्या एका लोकप्रिय प्रयोगातही दिसतो. केळे किंवा कांदा कुस्करून त्यात भांडी घासायचा द्रव साबण, पाणी आणि चिमूटभर मीठ घालतात. मिश्रण गाळून त्यावर थंडगार स्पिरिट अलगद ओततात. थोड्या वेळाने दोन थरांच्या मध्ये पांढरे तंतू तरंगू लागतात. त्यात मुख्यतः डीएनए असतो आणि सोबत थोडी प्रथिने वगैरे. साबण पेशीची आवरणे फोडतो. मिठातले सोडियम आयन फॉस्फेटचे भार झाकतात. स्पिरिटमुळे द्रावणातले पाण्याचे प्रमाण घटते, भारांमधील आकर्षण जोर धरते आणि सोडियम डीएनएला अधिक घट्ट बिलगतो. प्रतिकर्षण ओसरले की धागे एकत्र येऊन डोळ्यांना दिसतील इतके जाड होतात. मीठ घालायला विसरलो तर तंतू नीट जमत नाहीत.

पॉलिअमाइन: छोटे रेणू, मोठी पकड

सतराव्या शतकात डच सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ अँटनी व्हॅन लीवेनहूक यांनी वीर्यात काही स्फटिक पाहिले होते. ते स्पर्मीन नावाच्या रेणूच्या फॉस्फेटचे होते, हे कळायला पुढे दोन शतकांहून अधिक काळ गेला. स्पर्मीन, स्पर्मिडीन आणि प्युट्रेसीन ही पॉलिअमाइन कुटुंबातली तीन मुख्य नावे. त्यांची रचना साधी आहे: कार्बनची लवचीक साखळी आणि तिच्यावर ठरावीक अंतराने धनभार. प्युट्रेसीनवर दोन, स्पर्मिडीनवर तीन आणि स्पर्मीनवर चार. ती जवळपास सर्व सजीवांच्या पेशींत असतात.

१९७६ मध्ये गोसुले आणि शेलमन या संशोधकांनी दाखवून दिले, की पातळ द्रावणातल्या विषाणूच्या डीएनएमध्ये स्पर्मिडीन मिसळले तर तो आपोआप आकसून घट्ट गोळा होतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली असे गोळे पुष्कळदा मेदूवड्यासारखे, मधे भोक असलेल्या कड्याच्या आकाराचे दिसतात. त्यांचा व्यास साधारण १०० नॅनोमीटर असतो. १९७९ मध्ये विल्सन आणि ब्लूमफिल्ड यांनी यामागचा नियम मोजून काढला. डीएनएचा सुमारे ९० टक्के भार झाकला गेला, की तो कोसळून घट्ट होतो.

आता मॅनिंग यांचे आकडे पुन्हा पाहा. एका भाराच्या आयनांची झेप ७६ टक्क्यांपर्यंत, दोन भारांच्या आयनांची ८८ पर्यंत. दोन्ही ९० च्या आतच राहतात. तीन आणि चार भारांचे रेणू मात्र ही रेषा ओलांडतात. म्हणून साध्या पाण्यात नुसत्या मॅग्नेशियमने डीएनए आकसत नाही, पण स्पर्मिडीनने आकसतो.

यात एक बारकावा आहे. भार झाकला गेल्याने प्रतिकर्षण फक्त कमी होते. धागे एकमेकांकडे ओढले जाण्यासाठी आकर्षणही लागते. अनेक भारांचे आयन दोन धाग्यांच्या मधे येऊन परस्परांशी मेळ साधून बसतात. एका धाग्यावर जिथे धन आयन बसलेला असतो, तिथे समोरच्या धाग्याचा उघडा ऋणभार येतो. अशा रचनेतून सारख्या भाराच्या दोन धाग्यांत ओढ निर्माण होते.

जिवाणूंवर वाढणाऱ्या टी-४ विषाणूच्या कवचात प्युट्रेसीन आणि स्पर्मिडीन सापडते, हे १९६० मध्येच एम्स आणि ड्यूबिन यांनी दाखवले होते. विषाणूला आपला सगळा डीएनए इवल्याशा कवचात कोंबायचा असतो. हे काम किती जोराचे आहे याचा अंदाज फाय-२९ या दुसऱ्या एका विषाणूवरून येतो. २००१ मधल्या मोजमापांनुसार, भरलेल्या कवचातला दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ६० पट असतो. भार झाकणारे आयन नसते तर हे काम आणखी अवघड झाले असते.

हिस्टोन: मणी आणि दोरा

आपल्या पेशींमध्ये घडी घालण्याचे मुख्य काम हिस्टोन ही प्रथिने करतात. जर्मन शास्त्रज्ञ आल्ब्रेख्त कोसेल यांनी १८८४ मध्ये पक्ष्यांच्या रक्तपेशींतून ती वेगळी काढली. हिस्टोनमध्ये लायसिन आणि आर्जिनिन ही धनभारित अमिनो आम्ले भरपूर असतात. १९७४ मध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांनी असे मांडले, की आठ हिस्टोनांचा एक गठ्ठा असतो आणि डीएनए त्याच्याभोवती गुंडाळलेला असतो. या एककाला न्यूक्लिओसोम म्हणतात. १९९७ मध्ये कॅरोलिन ल्यूगर, टिमोथी रिचमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची अणुपातळीवरची रचना प्रसिद्ध केली. सुमारे १४७ बेस-जोड्यांचा डीएनए हिस्टोनच्या गठ्ठ्याभोवती जवळजवळ पावणेदोन वेढे घेतो.

१४७ बेस-जोड्या म्हणजे बरोबर ५० नॅनोमीटर. एरवी जेवढ्या लांबीत डीएनए वाकायला कुरकुर करतो, तेवढ्याच लांबीत इथे तो ११ नॅनोमीटर रुंदीच्या मण्याभोवती पावणेदोन फेरे मारतो. ही किमया मुख्यतः भारांच्या आकर्षणाची. माणसाच्या एका पेशीत असे सुमारे ३ कोटी मणी असतात.

गंमत अशी, की हिस्टोनचे धनभार त्या डीएनएचा केवळ निम्म्याच्या आसपास भार फेडतात. उरलेली बाकी मॅग्नेशियम, पॉलिअमाइन आणि इतर प्रथिने भागवतात. निम्मी बाकी शिल्लक राहते म्हणूनच मणी एकमेकांच्या किती जवळ येतील हे बदलता येते. सगळा हिशोब एकदाच चुकता झाला असता, तर गाठ कायमची बसली असती आणि आतली जनुके वाचताच आली नसती.

एक भार पुसला, जनुक उघडले

हिस्टोनची लांबट टोके मण्यांच्या बाहेर शेपटीसारखी लोंबत असतात. त्यांच्यावरचे लायसिन शेजारच्या डीएनएला आणि शेजारच्या मण्याला धरून ठेवतात. १९६४ मध्ये व्हिन्सेंट ऑलफ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की या लायसिनवर अॅसिटिल गट चढवला जातो आणि त्याचा जनुकांच्या वाचनाशी संबंध असावा. अॅसिटिल गट चढला की लायसिनचा धनभार नाहीसा होतो. पकड सैल पडते आणि वाचणाऱ्या एन्झाइमांना आत शिरायला वाट मिळते. १९९६ मध्ये हा गट चढवणारी आणि उतरवणारी एन्झाइम ओळखली गेली. २००६ मध्ये असे दिसले, की एच-४ या हिस्टोनच्या केवळ १६ व्या लायसिनवर अॅसिटिल गट असला, तरी मण्यांची माळ नेहमीसारखी घट्ट होत नाही.

सगळेच बदल भाराचे नसतात, हेही लक्षात ठेवावे. लायसिनवर मिथिल गट चढला तर धनभार तसाच राहतो. तो बदल इतर प्रथिनांसाठी खुणेसारखा काम करतो. अॅसिटिल गटही अशी खूण ठरतो. भार आणि खूण अशा दोन वाटांनी पेशी आपला कारभार चालवते.

या ज्ञानातून औषधे निघाली आहेत. व्होरिनोस्टॅट हे औषध अॅसिटिल गट उतरवणाऱ्या एन्झाइमांना अडवते. त्वचेच्या एका प्रकारच्या लिंफोमासाठी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने त्याला २००६ मध्ये मान्यता दिली.

शुक्रपेशीतली घट्ट घडी

शुक्रपेशीला जनुके वाचायची नसतात, फक्त सुखरूप पोहोचवायची असतात. म्हणून तिच्यात बहुतांश हिस्टोन काढून त्यांच्या जागी प्रोटामाइन बसवली जातात. आर्जिनिनने खच्चून भरलेली ही छोटी प्रथिने डीएनएचा भार जवळजवळ पूर्ण झाकतात. फ्रिडरिश मीशर यांनी १८७४ मध्ये सॅमन माशाच्या शुक्रपेशींतून प्रोटामाइन वेगळे केले. डीएनएचा म्हणजेच त्या काळच्या ‘न्यूक्लीन’चा शोधही त्यांनीच १८६९ मध्ये लावला होता. माणसात प्रोटामाइनचे दोन प्रकार असतात. त्यांचे परस्पर प्रमाण बिघडणे आणि पुरुषांमधील वंध्यत्व यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे.

हेच प्रथिन हृदय शस्त्रक्रियेतही उपयोगी पडते. शस्त्रक्रियेदरम्यान रक्त गोठू नये म्हणून हेपरिन देतात. हेपरिनवर प्रचंड ऋणभार असतो. शस्त्रक्रिया संपत आली की त्याचा परिणाम थांबवण्यासाठी प्रोटामाइन सल्फेट टोचतात. धनभारित प्रोटामाइन डीएनएला जसे धरते, तसेच हेपरिनला धरते.

पेशी विभाजनात मॅग्नेशियम

पेशी दोन होताना डीएनए सर्वांत घट्ट होतो आणि गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसू लागतात. कंडेन्सिनसारखी प्रथिने त्यात महत्त्वाची भूमिका बजावतात. पण भारांचाही त्यात हात असतो. पेशीतले बरेचसे मॅग्नेशियम एटीपी या ऊर्जावाहक रेणूला बांधलेले असते. जपानमधील काझुहिरो माएशिमा यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले, की विभाजनाच्या वेळी एटीपी खर्ची पडल्याने मॅग्नेशियम मोकळे होते, त्याची पातळी काही काळ वाढते आणि गुणसूत्रे घट्ट होण्यास मदत होते.

वळणाची तऱ्हाही बदलते

डीएनएचा आकार म्हणजे फक्त घडी नव्हे. शिडीचे वळणही भोवतालच्या पाण्यावर आणि आयनांवर अवलंबून असते. रोझलिंड फ्रँकलिन यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या किंग्ज कॉलेजात पाहिले, की डीएनएचे तंतू सुमारे ७५ टक्के आर्द्रतेत एक रूप घेतात आणि ९२ टक्के आर्द्रतेत दुसरे. पहिल्याला ए-रूप आणि दुसऱ्याला बी-रूप म्हणतात. पेशीत मुख्यतः बी-रूप असते. ते उजवीकडे वळते आणि साधारण साडेदहा जोड्यांत एक वेढा पूर्ण करते.

१९७२ मध्ये पोल आणि जोविन यांनी जी-सी आलटून पालटून असलेला कृत्रिम डीएनए अतिशय खारट द्रावणात ठेवला. त्यातले मीठ समुद्राच्या पाण्यातल्या मिठाच्या चार-पाच पट किंवा त्याहून जास्त होते. डीएनएने प्रकाशाला दिलेला प्रतिसाद जवळजवळ उलटा झाला. १९७९ मध्ये अलेक्झांडर रिच आणि अँड्र्यू वांग यांच्या गटाने अशा क्रमाच्या डीएनए स्फटिकाची रचना काढली, तेव्हा तो डावीकडे वळलेला निघाला. हाच झेड-डीएनए. त्याचे फॉस्फेट एकमेकांच्या जास्त जवळ येतात, म्हणून त्याला टिकायला भरपूर धनभार लागतात. त्या स्फटिकात स्पर्मीन आणि मॅग्नेशियम होतेच.

पोटॅशियमचे काम आणखी निराळे आहे. जी अक्षराच्या रांगा असलेला डीएनए चार पेडांची चौकोनी रचना करू शकतो, तिला जी-क्वाड्रुप्लेक्स म्हणतात. चौकोनांच्या थरांमधल्या पोकळीत पोटॅशियम आयन नेमका बसतो. तिथे सोडियम तेवढा सोयीचा ठरत नाही, म्हणजे भाराइतकेच आयनाचे मापही महत्त्वाचे. गुणसूत्रांच्या टोकांना असणाऱ्या टेलोमेरच्या क्रमातून अशी रचना होऊ शकते.

पिळावर पीळ

टेलिफोनची गुंडाळलेली वायर जास्त पिळली की ती स्वतःभोवती वेटोळी घालते. डीएनएही तसेच करतो. ई. कोलाय या जिवाणूत सुमारे ४६ लाख बेस-जोड्यांचा वर्तुळाकार डीएनए असतो. १९७६ मध्ये मार्टिन गेलर्ट आणि सहकाऱ्यांनी शोधलेले गायरेज हे एन्झाइम त्याचा मूळ पीळ थोडा उलगडते, त्यामुळे वर्तुळ स्वतःभोवती वेटोळे घेते. अशा वेटोळ्यात दोन ऋणभारित धागे शेजारी शेजारी येतात. क्षार पुरेसे असतील तर ते जवळ नांदतात, नसतील तर वेटोळे सैल राहते. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक याच गायरेजवर घाव घालते.

हिशोब चुकला तर

स्नायडर-रॉबिन्सन सिंड्रोम या दुर्मीळ आनुवंशिक आजारात स्पर्मीन बनवणारे एन्झाइम नीट काम करत नाही. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने हा आजार मुख्यतः मुलग्यांत दिसतो. बौद्धिक विकासातील अडचणी, क्षीण स्नायू आणि ठिसूळ हाडे ही त्याची लक्षणे आहेत. पॉलिअमाइनचा मोठा भाग आरएनएला बांधलेला असतो आणि ती इतर कामेही करतात. त्यामुळे या आजाराचे सगळे खापर डीएनएच्या घडीवर फोडता येत नाही.

उलट बाजूला कर्करोगाच्या पेशी आहेत. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना पॉलिअमाइन भरपूर लागतात. एफ्लॉर्निथिन हे औषध ती बनवण्याची पहिली पायरी अडवते. आफ्रिकेतल्या निद्रारोगासाठी ते आधीपासून वापरात होते. डिसेंबर २०२३ मध्ये न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कर्करोगासाठी, तो उलटू नये म्हणून, अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

थोडक्यात

डीएनए स्वभावतः पसरू पाहणारा, ऋणभारित धागा आहे. एका भाराचे आयन त्याचे दोन पेड एकत्र राहू देतात, जास्त भारांचे रेणू त्याला आकसवतात, हिस्टोन त्याला मण्यांवर गुंडाळतात आणि प्रोटामाइन जवळजवळ कुलूपबंद करतात. पण बहुतेक पेशींना कुलूप नको असते. त्यांना डीएनए बांधूनही ठेवायचा असतो आणि हवा तेव्हा हवा तिथे उघडायचाही असतो. म्हणून पेशी भारांचा हिशोब कधीच पूर्ण मिटवत नाही. कुठे एक अॅसिटिल गट, कुठे थोडे मॅग्नेशियम, असा छोटा फेरबदल करून ती घडी हलती ठेवते. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी यांच्यात एकच डीएनए असूनही त्या इतक्या वेगळ्या असतात, त्यात या हलत्या घडीचा वाटा आहे.